मिशनचे दौरे आणि स्थानिक कारभार : धाराशिव जिल्ह्याच्या भोवतालच्या शाळा व अनाथगृहे

धाराशिव जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवला म्हणजे ख्रिस्ती मिशन-कार्याची चार जुनी केंद्रे त्याच्या भोवती वसलेली दिसतात. नैर्ऋत्येस सोलापूर, वायव्येस अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), उत्तरेस जालना आणि आग्नेयेस गुलबर्गा (आताचे कलबुर्गी). खुद्द जिल्ह्याचा राजकीय इतिहास या चौघांहून निराळा आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआब यांच्यासह हा मुलूख कंपनी सरकारकडे आला; नळदुर्ग हे त्याचे ठाणे होते आणि कॅप्टन मेडोज टेलर तेथे कारभार पाहत असे. १८६० मध्ये तो निजामास परत देण्यात आला. त्याच वर्षी आगगाडी सोलापुरास पोहोचली. तेव्हापासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत सोलापूर व तुळजापूर या दोन गावांमध्ये एका दिवसाच्या वाटेइतकेच अंतर असूनही दोन राज्यांची सरहद्द होती. १९६० मध्ये हा मुलूख महाराष्ट्रात समाविष्ट झाला, १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि 'उस्मानाबाद' हे नाव जाऊन २०२३ मध्ये 'धाराशिव' हे नाव शासकीय झाले.

या परिसरातील शाळा व अनाथगृहे यांना दूरदेशीच्या मंडळींकडून मिळालेल्या साहाय्याचा इतिहास लिहिताना सामान्यतः दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. एक पक्ष उपकाराचे वर्णन करतो, दुसरा धर्मांतराचा हेतू दाखवून थांबतो. दोन्ही पक्षांची दृष्टी देणाऱ्यावर खिळलेली असते. संस्था प्रत्यक्ष चालविणारा पंतोजी, मेट्रन, पाळक किंवा संस्थापिका यांच्या बाजूने पाहिले असता निराळाच प्रश्न समोर येतो. पाहुणा येतो, पाहतो, देतो, वृत्तांत लिहितो आणि परत जातो. त्यानंतर शाळेची भाषा कोणती असावी, अनाथ कोणास म्हणावे आणि साहाय्य केव्हा थांबावे, या तीन गोष्टी कोणी ठरवावयाच्या? या तीन निर्णयांचा मागोवा घेतला म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांच्या या व्यवहारातील खरा ताण दृष्टोत्पत्तीस येतो.

१. फेरी आणि पंतोजी

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. त्यांच्या मिशनने लवकरच मराठी शाळा उघडल्या. १८२४ मध्ये मुलींची शाळाही सुरू केली. या शाळांचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. शिकविणारे बहुधा एतद्देशीय होते. त्यांत ब्राह्मण पंतोजी होते, तसेच बेने इस्राएल समाजातील शिक्षकही होते. मिशनरी अधूनमधून येऊन परीक्षा घेई, हजेरी पाही आणि पगार चुकता करी. म्हणजे शाळा चालविणारा एक आणि तिची तपासणी करणारा दुसरा, ही विभागणी आरंभापासूनच होती. पुढे अहमदनगर व, १८६० च्या दशकापासून, सोलापूर येथील ठाण्यांतून हिवाळी फेऱ्या निघू लागल्या. राहुट्या घेऊन गावोगाव मुक्काम करावयाचा, उपदेश करावयाचा आणि खेड्यांतील शाळा तपासावयाच्या, असा त्यांचा क्रम असे.

या फेरीत आणि आजच्या अल्पकालीन दौऱ्यात एक मोठा फरक आहे. फेरीस निघणारा मनुष्य वर्षानुवर्षे याच मुलखात राहणारा असे आणि त्यास मराठी शिकावी लागे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८३१ ची आवृत्ती आणि तिची १८५७ ची सुधारित आवृत्ती यांच्या काळात मिशनमंडळींचे मराठीचे अध्ययन किती गंभीर होते हे सर्वश्रुत आहे. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेले 'ज्ञानोदय' हे याच परिश्रमाचे फळ. अहमदनगरच्या मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळांचा जोतीराव फुले यांच्या मनावर झालेला परिणामही प्रसिद्ध आहे. ज्यास शिक्षकाचे बोलणे दुभाष्यावाचून कळते, त्याच्यापुढे शिक्षकास आपली तक्रार मांडता येते. अधिकार विषम असला तरी संभाषण शक्य होते.

२. शिष्टमंडळाचा निर्णय

तथापि खरे मोठे निर्णय मराठी जाणणाऱ्या मिशनऱ्यांच्याही हाती नव्हते. १८५४–५५ मध्ये बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हे ऑगस्टस टॉमसन यांच्यासह हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. मिशनच्या इतिहासात हे शिष्टमंडळ फार गाजले. मिशनचे काम देशी भाषांतूनच चालावे, इंग्रजी शाळांवरील खर्च बंद करावा, आणि देशी मंडळ्यांनी स्वतःचे पाळक नेमून स्वतःचा खर्च व कारभार स्वतः सांभाळावा, हे त्यांच्या धोरणाचे सार होय. स्वशासन, स्वावलंबन व स्वप्रसार ही त्रिसूत्री हेन्री व्हेन यांच्याप्रमाणेच अँडरसन यांच्याही नावाशी जोडली जाते.

तत्त्व म्हणून या धोरणात आक्षेपार्ह असे थोडेच आढळेल. मातृभाषेतून शिक्षण आणि स्थानिकांच्या हाती कारभार या दोन्ही गोष्टी पुढील शतकात राष्ट्रीय शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनीही मागितल्या. विसंगती निर्णयाच्या पद्धतीत आहे. इंग्रजी शाळा असाव्यात की नसाव्यात हे त्या शाळांत मुले पाठविणाऱ्या पालकांनी ठरविले नाही. १८५४ च्या जुलैत निघालेल्या वुडच्या खलित्याने अनुदानाची व्यवस्था मान्य केली होती. सरकारी नोकरीची वाट इंग्रजीतून जाते हे नगरच्या नवख्रिस्ती कुटुंबांसही कळत होते. अशा ऐन वेळी पाहुण्यांनी देशी भाषेचा आग्रह धरला. १८७०–८० च्या दशकांत मुंबईस भायखळा येथे व नगरास इंग्रजी हायस्कुले उभी राहिली, तेव्हा ते धोरण टिकले नाही हे स्पष्ट झाले. स्थानिकांनी स्वतंत्र व्हावे, हा निर्णयही पाहुण्यांनी घेतला, हे या प्रकरणाचे तात्पर्य होय. स्वावलंबनाची आज्ञा वरून आली, की तिचा अर्थ पुष्कळदा 'खर्च कमी करा' एवढाच उरतो.

३. उलट प्रवास

दौरे एकाच दिशेने झाले असे मात्र नाही. या परिसरातील दोन महत्त्वाच्या संस्थांच्या मुळाशी येथील माणसांनी परदेशी केलेले प्रवास आहेत.

पहिले उदाहरण नारायण शेषाद्रि यांचे. देशस्थ ब्राह्मण घराण्यातील या गृहस्थांनी १८४३ मध्ये मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे धाकटे बंधू श्रीपत यांच्या खटल्याने त्या वर्षी सारी मुंबई ढवळून निघाली होती. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून त्यांनी जालन्यास आपले कार्यक्षेत्र केले आणि सालारजंगांच्या प्रशासनाकडून मिळालेल्या जमिनीवर 'बेथेल' ही वसाहत उभारली. तेथील ख्रिस्ती रहिवाशांत मांग समाजातील कुटुंबांचा मोठा भरणा होता. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते उपस्थित होते. निजामाच्या मुलखात मराठी मनुष्याने निजामाच्या दिवाणाकडून जमीन व परदेशी मंडळ्यांकडून पैसा मिळवून संस्था उभी करावी, ही घटना त्या काळी असामान्यच म्हणावी लागेल. येथे जमीन, भाषा आणि नेतृत्व स्थानिक होते. बाहेरून येई ते द्रव्य.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. ते अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात देणारे व घेणारे यांच्यातील कराराचे स्वरूप स्पष्ट दिसते. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्यांच्या व्याख्यानांमुळे डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस 'शारदा सदन' उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. विधवांच्या शिक्षणाची ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावी अशी अट होती, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी तिच्या सल्लागार मंडळावर होती. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, अशी शंका बळावल्यावर १८९३ मध्ये या मंडळींनी राजीनामे दिले. असोसिएशनच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षा श्रीमती ज्यूडिथ अँड्र्यूज या त्यानंतर स्वतः पुण्यास आल्या आणि सर्व परिस्थिती पाहून त्यांनी रमाबाईंच्या बाजूने कौल दिला.

या प्रसंगाचे दोन अर्थ संभवतात. बॉस्टनच्या पाहुणीने स्थानिक संस्थापिकेवर विश्वास ठेवला, हा एक. पुण्यातील वाद पुण्यात मिटू शकला नाही आणि निवाड्यासाठी बॉस्टनकडे पाहावे लागले, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत. ज्या सल्लागारांना येथील समाजाची नाडी ठाऊक होती त्यांच्या हाती पैसा नव्हता, आणि ज्यांच्या हाती पैसा होता त्यांना मराठी येत नव्हती. संस्थापिका मात्र दोन्ही बाजूंच्या भाषा जाणणारी होती. म्हणूनच ती टिकली. दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई पुन्हा अमेरिकेस जाऊन आल्या. त्या सुमारास पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्ति' आकारास आली होती. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिने ठरावीक वर्गणीची हमी कोणाकडूनही घेतली नाही.

केडगावच्या छापखान्यात रमाबाईंनी सुबोध मराठीत केलेले बायबलचे भाषांतर छापले गेले. मूळ हिब्रू व ग्रीक यांवरून, संस्कृतप्रचुर शब्द टाळून, खेड्यातील बाईला कळेल असा मजकूर द्यावयाचा, हा त्यांचा हेतू होता. १९२२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा हे काम पुरे झालेले होते. संस्थेची भाषा ठरविण्याचा अधिकार स्थानिक हाती असला म्हणजे काय घडू शकते याचे हे ठळक प्रमाण होय. त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनी, निजामी राज्यात धाराशिव जिल्हा ज्या सुभ्यात मोडत असे त्याच सुभ्याच्या ठाण्यी, गुलबर्गा येथे, १९१३ च्या सुमारास शाळा काढली. केडगावची परंपरा अशा रीतीने या परिसराच्या दाराशी आली.

४. दुष्काळ आणि 'अनाथ'

१८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी अनाथगृहांचे प्रमाण एकदम वाढविले. केडगावी १९०० च्या सुमारास रहिवाशांची संख्या २००० च्या घरात गेली. अमेरिकन मराठी मिशनने नगर, सोलापूर इत्यादी ठिकाणी हजारो मुले सांभाळली. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने लुई क्लॉप्श यांच्या नेतृत्वाखाली वाचकांकडून निधी गोळा केला. १९०० मध्ये 'क्विटो' या जहाजाने मका मुंबईस आला. नगरचे रॉबर्ट ह्यूम यांच्याकडे या साहाय्याच्या वाटपाचा मोठा भार होता.

येथे एका शब्दाचा विचार अवश्य आहे. मराठीत आई किंवा बाप गमावलेल्या मुलास 'पोरका' म्हणतात. हा शब्द नात्याची उणीव दाखवितो. 'अनाथ' याचा मूळ अर्थ ज्यास नाथ म्हणजे रक्षणकर्ता नाही असा. संतवाङ्मयात भक्त देवापुढे स्वतःस अनाथ म्हणवितो, तेव्हा त्याचे आईबाप जिवंत आहेत की नाहीत हा प्रश्नच उद्भवत नाही. दुष्काळात मिशनच्या दारी आलेली मुले या दुसऱ्या अर्थाने अनाथ होती. काहींचे आईबाप मेले होते, काहींना पोसणे अशक्य झाल्यामुळे आईबापांनीच सोडले होते, काहींना दूरच्या नातेवाइकाने आणून पोहोचविले होते. इंग्रजी वृत्तांतात या सर्वांसाठी एकच शब्द गेला आणि त्या शब्दाचा वाचकाला लागणारा अर्थ 'मातृपितृहीन' एवढाच होता. अशी मुले प्रथम नातेवाइकांकडे किंवा स्वधर्मीयांकडे सोपवावीत अशी दृष्टी सरकारी दुष्काळ-संहितांतही होती. नात्याचा धागा सर्वस्वी तुटलेला नसतो हे सरकारासही मान्य होते, असा याचा अर्थ होतो. देणगीदाराच्या वहीत मात्र मुलांचा आकडा असे, त्यांच्या चुलत्यामावशांचा नसे.

साहाय्य केव्हा थांबावे, हा तिसरा निर्णयही याच वेळी उभा राहिला. दुष्काळ संपतो, पण सात वर्षांचे मूल आठ वर्षांचे होते. त्याची गरज संपत नाही. साप्ताहिकाच्या वाचकांचे लक्ष पुढील संकटाकडे वळते. म्हणून नगरची उद्योगशाळा, सुतारकाम, विणकाम, गालिचे यांसारखी कामे पुढे आली. या शिक्षणामागे श्रमप्रतिष्ठेचे तत्त्व होते, तसाच आटत्या वर्गणीचा हिशोबही होता.

संस्थांचे चालक व वेतन देणारे यांच्यातील अंतर मिशनच्या आतल्या माणसांनाही जाचत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' या नावाने ख्रिस्तभक्तांचा निराळा मेळा उभारण्याचा प्रयत्न केला. धर्म येशूचा असावा, पण त्याचा संसार येथील लोकांनी येथील रीतीने चालवावा, ही त्यामागील भूमिका होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग फार पुढे गेला नाही; तथापि त्यांनी मांडलेला प्रश्न कायम राहिला.

५. सरहद्दीच्या पलीकडची शाळा

तुलनेसाठी खुद्द धाराशिव जिल्ह्यातील एक उदाहरण पाहणे इष्ट आहे. १९२१ मध्ये हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. निजामी राज्यातील सरकारी शिक्षणात उर्दूचे प्राबल्य होते. मराठी मुलांना मराठीतून शिकविणारी खासगी शाळा चालविणे म्हणजे राज्यकर्त्यांचा संशय ओढवून घेणे होते. व्यंकटेश खेडगीकर हे येथे मुख्याध्यापक झाले. १९३२ मध्ये त्यांनी हिप्परगा येथेच संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ या नावाने पुढे ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले.

मिशनच्या शाळा व हिप्परग्याची शाळा यांचे हेतू भिन्न होते. परंतु वर सांगितलेले तीन निर्णय लावून पाहिले तर फरक नेमका कळतो. हिप्परग्यास शाळेची भाषा चालकांनी ठरविली. मुलांची ओळख गावाला होती. साहाय्य थांबण्याचा धोका होता, पण थांबविणारा दूरचा नव्हता. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : अशा शाळेस साधनांची चणचण नित्याची असे, आणि दुष्काळात शेकडो मुले एकदम पोसण्याची शक्ती तिच्यात नव्हती. ती शक्ती न्यूयॉर्कच्या वर्गणीत होती. म्हणून बाहेरच्या साहाय्याचा प्रश्न निव्वळ स्वाभिमानाच्या भाषेत सुटत नाही.

६. भूकंप आणि 'दत्तक' गावे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने हा प्रश्न जिल्ह्याच्या उंबरठ्यावर आणून ठेवला. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत शासकीय आकड्यांनुसार सुमारे ८,००० माणसे दगावली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. सास्तूरसारखी उमरगा-लोहारा भागातील गावे उद्ध्वस्त झाली. जागतिक बँकेचे कर्ज, राज्य शासन आणि देशोदेशींच्या धार्मिक व लौकिक संस्था या सर्वांचा ओघ येथे लागला. मदतीस येणाऱ्या संस्थांनी गावे 'दत्तक' घेतली, असा प्रयोग तेव्हा रूढ झाला.

'दत्तक' हा मराठी कुटुंबव्यवस्थेतील भारदस्त शब्द आहे. दत्तक घेतलेल्या मुलास नाव मिळते, वारसा मिळतो आणि घेणाऱ्यावर आजन्म जबाबदारी पडते. गाव दत्तक घेणाऱ्या संस्थेने घरे बांधून चावी दिली की संबंध संपत असे. गावास घरे मिळाली, वारसा मिळाला नाही. घरांची रचना कशी असावी, गोठा व अंगण कोठे असावे, याविषयी गावकऱ्यांचे म्हणणे व बांधणाऱ्यांचे आराखडे यांत अनेक ठिकाणी मेळ बसला नाही. शब्दाने जेवढे वचन दिले तेवढे व्यवहाराने पाळले नाही, असेच म्हणावे लागते.

पोरक्या झालेल्या मुलांसाठीही प्रयत्न झाले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. नळदुर्ग येथे राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने, 'आपलं घर' सुरू केले. या नावात 'अनाथ' नाही आणि 'आश्रम'ही नाही. मुलाने आपला पत्ता सांगताना स्वतःच्या दैन्याचा उच्चार करू नये, एवढी जाणीव त्या नावामागे आहे. संस्थेचे नाव तिच्यात राहणाऱ्याच्या तोंडी कसे येईल, याचा विचार बहुधा जवळ राहणाऱ्यासच सुचतो.

७. अल्पकालीन दौरा

१९६० नंतर विमानप्रवास सुलभ झाला आणि ख्रिस्ती मंडळ्यांत अल्पकालीन सेवादौऱ्यांची प्रथा जगभर वाढली. दहापंधरा दिवसांसाठी एक गट येतो, शाळेस रंग देतो, मुलांबरोबर गाणी म्हणतो आणि परत जातो. जुन्या हिवाळी फेरीतील भाषेचे परिश्रम यात नसतात. साहजिकच सर्व संभाषण दुभाष्यावर अवलंबून राहते, आणि संस्थेतील जो मनुष्य इंग्रजी बोलतो तोच तिचा प्रवक्ता, हिशोबनीस व धोरणकर्ता होऊन बसतो. स्वयंपाकघर सांभाळणारी मावशी आणि रात्री तापलेल्या मुलाजवळ बसणारी मेट्रन यांचे मत पाहुण्यापर्यंत जातच नाही. स्थानिक कारभार कागदावर असतो; तो स्थानिकांपैकी कोणाचा, हे भाषा ठरविते.

या प्रथेविषयीची शंका आता जागतिक झाली आहे. अनाथगृहांतील पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुले घरापासून तोडून संस्थांत भरण्याची प्रवृत्ती बळावते, असे अनेक देशांत आढळून आले. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या चर्चेत या प्रश्नाची दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथगृहांतील स्वयंसेवी पर्यटनाच्या हानीचा उल्लेख केला. भारतात २०१५ च्या बालन्याय कायद्याने प्रत्येक बालसंगोपन संस्थेस नोंदणी सक्तीची केली आणि मुलास संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसरीस देण्यास बंदी घातली. म्हणजे मोठ्या मिशनने पैसा घ्यावा व खेड्यातील छोट्या शाळेस द्यावा, ही १८१३ पासूनची वाट कायद्याने बंद झाली. 'पोरका' आणि 'अनाथ' यांतील जो भेद १९०० च्या वहीत पुसला गेला होता, तो कायद्यास शतकानंतर पुन्हा लिहावा लागला.

या सर्व उदाहरणांवरून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. बाहेरचा पैसा ही या संस्थांच्या इतिहासातील निर्णायक गोष्ट नव्हे. तो बेथेलकडे आला, शारदा सदनाकडे आला, भूकंपग्रस्त गावांकडेही आला, आणि परिणाम प्रत्येक ठिकाणी निराळा झाला. शाळेची भाषा, मुलाची ओळख आणि साहाय्याची मुदत हे तीन निर्णय ज्या प्रमाणात जागेवर राहिले त्या प्रमाणात संस्था तेथील समाजाची झाली. जेथे ते पाहुण्याबरोबर गेले तेथे इमारत उभी राहिली, परंतु तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार दूरच्या वृत्तांताकडे गेला. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने बॉस्टन, न्यूयॉर्क आणि एडिंबरा येथील छापील अहवालांबरोबर येथल्या हजेरीपटांचा, पगारपत्रकांचा, पाळकांच्या मराठी पत्रव्यवहाराचा आणि 'ज्ञानोदया'च्या जुन्या अंकांचा अभ्यास केला पाहिजे. देणाऱ्याची बाजू आजवर पुष्कळ लिहिली गेली आहे. चालविणाऱ्याची बाजू मराठीत आहे, आणि ती मराठीतच वाचावी लागेल.